‘ओळखीचा माणूस आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका: वृद्ध आणि मुलांच्या देखभालीत या चुका टाळा

कोकणात कामाला माणूस ठेवायचा तर पहिला प्रश्न ‘गाव कुठलं?’ असतो. गाव, वाडी, मामाचं घर सांगून झालं की चौकशी संपली. भातकापणीला गडी बघताना एवढं चालतं. बालगृहाच्या रात्रपाळीला किंवा अंथरुणाला खिळलेल्या आजोबांजवळ ठेवताना चालत नाही. मुलांना आणि परावलंबी माणसांना त्रास देणारा बहुतेकदा ओळखीतलाच असतो. त्या ओळखीमुळेच त्याच्यावर कुणी नजर ठेवत नाही.

पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या आणि आधीच्या ठिकाणी स्वतः फोन लावा. ‘काम कसं होतं?’ या प्रश्नाला सगळे ‘बरं होतं’ म्हणतात. ‘पुन्हा ठेवाल का?’ असं विचारा. कारण आपल्याकडची वाईट खोड अशी, की गडबड झाली तर संस्था माणसाला हिशेब देऊन गुपचूप घरी पाठवते. महिन्याभरात तो शेजारच्या तालुक्यातल्या वसतिगृहात रुजू होतो, तोही अनुभवाच्या दाखल्यासकट.

‘आधी आपण शहानिशा करू’

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मुलगी स्वयंपाकाच्या मावशींना काहीतरी सांगते. मावशी अधीक्षकांना सांगतात, अधीक्षक विश्वस्तांना. मग बैठक बसते. मुलीला बोलावून तेच तेच चारदा विचारतात, ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्यालाही समोर उभं करतात. तोवर तिचे कपडे धुऊन दोरीवर पडलेले असतात. पुरावा गेला आणि मुलगीही आता ‘काही झालं नाही’ म्हणते.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली तरी कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) कलम १९ नुसार बंधनकारक आहे. खरंखोटं करणं पोलिसांचं काम. माहिती दडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे.

मूल बोलायला लागलं की ऐका, मध्ये सुचवू नका. ‘त्यानं इथे हात लावला का?’ असं विचारलं की पुढे साक्षच कच्ची होते. ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका, तो पाळता येणार नाही. तिचेच शब्द, तारीख, वेळ वहीत लिहा, सही करा, कपडे कागदी पिशवीत ठेवा आणि १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा ११२ (तातडीची मदत) लावा. जबाब मुलाच्या सोयीच्या जागी, साध्या कपड्यातल्या पोलिसांनी घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकांनी. ठाण्यात नेऊन बाकावर बसवलं तर हे शांतपणे सांगा.

‘पडतील म्हणून बांधलंय’

स्मृतिभ्रंश झालेल्या आजींचे हात रात्री जुन्या लुगड्याच्या पट्टीनं खाटेला बांधलेले पुष्कळ घरांत दिसतात. बांधणाऱ्याच्या मनात वाईट नसतंही. पण बांधलेलं माणूस सुटायला धडपडतं आणि आणखी जोरात पडतं. मनगट सोलतं, कुशी बदलता येत नाही आणि पाठीला जखमा होतात. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मनोरुग्णालयातसुद्धा शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून रुग्णाला बांधू देत नाही. मग आपल्या पडवीत कशाला? गादी जमिनीवर घ्या, झोपण्यापूर्वी आणि पहाटे न्हाणीला नेऊन आणा, दिवा जळता ठेवा, पावसाळ्यात चिऱ्याच्या पायरीवरचं शेवाळ खरवडून काढा.

आजी एकाएकी बरळायला लागल्या तर ‘वय झालं’ म्हणून झोपेची गोळी देऊ नका. लघवीचा संसर्ग किंवा शरीरातलं पाणी कमी होणं हेही कारण असतं, डॉक्टरांना दाखवा. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांएवढे काळेनिळे डाग दिसले, तर ‘पडल्या’ हे उत्तर लगेच पदरात घेऊ नका. पडल्यावर मार बहुधा गुडघ्याला, कोपराला, कपाळाला लागतो. दंडावरचे डाग घट्ट धरल्याचे असू शकतात.

अंगठा

मारहाण दिसते, कागदावर घेतलेला अंगठा दिसत नाही. रस्ता आला, समुद्राकडच्या जमिनीला भाव आला, आणि सातबाऱ्यावर नाव असलेल्या म्हाताऱ्याची काळजी अचानक सगळ्यांना वाटू लागली. पेन्शनचं एटीएम कार्ड सांभाळणाऱ्या बाईकडे, कुलमुखत्यारपत्र पुतण्याकडे, असं असेल तर दर महिन्याला तिसऱ्या कुणीतरी पासबुक बघावं. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र करून दिलं आणि सांभाळलं नाही, तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द होऊ शकतं. त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. पण ती अट बक्षीसपत्रात लिहून घ्या, तोंडी शब्दावर पुढे भांडणं होतात.

गणपतीपुरती भेट

मुंबईकर गणपतीला आणि शिमग्याला येतात, मधले महिने व्हिडिओ कॉलवर. फोन धरलेला असतो सांभाळणाऱ्या बाईनं, मग आजी ‘बरा आसा’ याशिवाय काय म्हणणार? शेजारच्या कुणाला तरी ठरलेली वेळ न ठेवता दहा मिनिटं आजीजवळ एकटं बसायला सांगा. वृद्धाश्रमातही न कळवता जा आणि जेवणाच्या वेळी जा.

आणि त्या बाईचंही बघा. चोवीस तास, आठवड्याची सुट्टी नाही, रात्री चारदा उठायचं आणि पगार एकीचाच. अशा कामात हात कडक होतो. दोघी ठेवणं परवडत नसेल तर आठवड्यातला एक दिवस घरच्यांनी करावा.

बालगृहात वाढदिवसाचा केक कापून मुलांचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकणं हे पुण्य नव्हे. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं. देणगीदार रुसले तर रुसू देत.

ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालते. हे नंबर भिंतीवर लावाच, पण जुलैत वीज गेली की टॉवरही जातो. जवळचं पोलीस ठाणं किंवा दूरक्षेत्र (ठाण्याची चौकी) आणि पोलीस पाटलांचं घर कुठे आहे, हे रात्रपाळीच्या प्रत्येकाला एकदा चालत नेऊन दाखवा.