सोयऱ्यांचे नाते नेमक्या शब्दात कसे सांगावे

सोयऱ्यांची ओळख करून देताना नाते पतीमुळे, पत्नीमुळे की अपत्यामुळे जुळले, हे आधी पाहावे. मग योग्य शब्द चटकन सापडतो. पतीचा भाऊ तो दीर, पतीची बहीण ती नणंद, दिराची पत्नी ती जाऊ आणि पत्नीच्या बहिणीचा नवरा तो साडू.

खरा घोटाळा ‘मेहुणा’ या शब्दात होतो, कारण तो पत्नीच्या भावालाही लागतो आणि बहिणीच्या नवऱ्यालाही; म्हणूनच बहिणीच्या नवऱ्याला ‘दाजी’ म्हणण्याची मराठवाड्यातील रीत मला फार सोयीची वाटते. परक्या माणसासमोर मात्र ‘माझ्या बहिणीचे यजमान’ असे स्पष्ट सांगावे.

मुलाच्या किंवा मुलीच्या सासऱ्याला व्याही आणि सासूला विहीण म्हणतात. खेड्यापाड्यांत ‘व्याही’चा ‘इवाई’ असा उच्चारही ऐकू येतो आणि तो अशुद्ध समजून कोणाला टोकू नये. मांडवात व्याहीभेट होते, फेटा बांधून, हाती नारळ देऊन दोघे गळाभेट घेतात, तेव्हा समोरचा वयाने लहान असला तरी त्याला नावाने हाक न मारता ‘व्याही’ असेच संबोधावे.