एअरसॉफ्टची इलेक्ट्रिक गन बंद पडली? गिअरबॉक्सला हात लावायच्या आधी हे बघा

औशाकडं मित्राचं शेत आहे, रबी निघाली की रान मोकळं होतं आन् मे महिन्यात उन्हं उतरली की आम्ही सात-आठ जण तिथं एअरसॉफ्ट खेळतो, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या गन घेऊन लुटुपुटीची लढाई. एकदा ऐन खेळात माझी एम४ (रायफलीसारखी दिसणारी, बॅटरीवरची गन) गप्प झाली, ट्रिगर दाबला तर टक् पण नाही. मी शहाणपणा केला, तिथंच चिंचेखाली पेपर अंथरून गिअरबॉक्स खोलला, स्प्रिंग सटकन उडाली आन् गिअरखालची पातळ चकती, शिम म्हणतात तिला, ती जमिनीच्या भेगेत गेली. काळ्या रानाच्या मे महिन्यातल्या भेगा तुम्हाला माहितीच आहेत, हात कोपरापर्यंत जातो. आन् बिघाड काय निघाला, तर बॅटरीच्या कनेक्टरमधली पिन मागं सरकलेली. दोन मिनिटाचं काम होतं.

तर आधी मॅगझिन काढा. मॅगझिन काढलं तरी एखादा छर्रा आत राहतो, म्हणून चष्मा डोळ्यावरच ठेवा आन् नळी माणसाकडं नको. मग ट्रिगर दाबून नीट ऐका, कारण बिघाड कुठं आहे ते निम्मं आवाजावरूनच कळतं.

काहीच आवाज नाही, एकदम मुकी, तर बहुतेक करंट मोटरपर्यंत पोचंना. सेफ्टी, म्हणजे ट्रिगर अडवणारी कळ, लागलेली आहे का ते बघा (हसू नका, होतं). मग बॅटरी. साधा मल्टिमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर लावा. ७.४ व्होल्टची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी, दोन सेलची) फुल चार्ज झाली की ८.४ दाखवते. ६ च्या खाली गेली असेल तर सेल खराब झाले समजा, एका सेलला ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचंच नसतं. ८.४ व्होल्टची निकेलवाली असेल तर तिच्यात १.२ चे सात सेल असतात. पण नुसतं मीटरवर आकडा बरोबर आला म्हणून बॅटरी चांगली असं नाही, जुनी बॅटरी बसल्या जागी फुल दाखवती आन् ट्रिगर दाबला की धाडकन खाली येती, त्यामुळं दुसऱ्याची चालती बॅटरी लावून बघणं सगळ्यात सोपं. फुगलेली लायपो मात्र चार्जिंगला लावू नका, आन् आपल्याकडच्या उन्हात गाडीच्या डिक्कीत तर ठेवूच नका.

मग कनेक्टर. पांढऱ्या प्लास्टिकचा टामिया कनेक्टर असेल तर त्यातल्या पिना ढिल्या होतात नाहीतर मागं सरकतात, बाहेरून लागल्यासारखा दिसतो पण आत टेकलेलाच नसतो. बारीक स्क्रूड्रायव्हरनं पिन पुढं ढकला, टक् असं वाजून बसली पाहिजे. त्याच्यापुढं काही गनमध्ये फ्यूज असतो, तो मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर (तार जोडलेली असली की बीप वाजतं ते सेटिंग) तपासा. गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका, वायरचा तुकडा जोडून काम भागवू नका, मग फ्यूजच्या ऐवजी वायरिंग जळतं.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर मोटर बघा. ती पिस्तुल ग्रिपमध्ये असते, खालच्या प्लेटचे स्क्रू काढले की निघती. लाल-काळी वायर कुठं होती त्याचा फोटो काढून ठेवा. मोटर घट्ट धरून एक सेकंद डायरेक्ट बॅटरी द्या, झटका मारून फिरती. बाहेर पण फिरंना, तर कार्बन ब्रश (मोटरला करंट देणारे कोळशाचे तुकडे) झिजलेत का बघा, ते ज्याच्यावर घासतात तो तांब्याचा कॉम्युटेटर काळा पडला असेल तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. गावात पाण्याच्या मोटरा भरून देणारा असतो ना, त्याला दाखवा, त्याची नजर आपल्यापेक्षा चांगली आहे. बाहेर फिरती आन् गनमध्ये बसवली की फिरंना, तर ट्रिगरचे कॉन्टॅक्ट जळाले असतील नाहीतर गिअर अडकलेत.

आता दुसरा आवाज, टक् नाहीतर हुंऽऽ करून थांबते. बॅटरी उतरत आली असताना सिंगलवर (एका दाबाला एकच छर्रा) मारत बसलं की स्प्रिंग अर्धी ओढून गिअर तिथंच अडकतात. सेफ्टी काढून ऑटोवर (सलग मारायचं सेटिंग) घ्या, फुल बॅटरी लावा आन् एकदा ट्रिगर दाबा, बऱ्याचदा सुटतंय. नाही सुटलं तर ट्रिगर दाबून धरू नका, वायर तापतात. ग्रिपच्या खाली मोटरची उंची लावायचा छोटा स्क्रू आहे, तो जास्त आवळला तर मोटर गिअरवर दाबून बसती. पाव-पाव फेरा ढिला करत बघा. लईच ढिला केला तर मग किर्रर्र ओरडती, त्याच्या मधलं सापडलं पाहिजे.

तिसरा, मोटर मस्त वाजते पण छर्रा येईना. ठप् ठप् हवा लागायली असेल तर आत काही तुटलेलं नसतं बहुतेक. चावीचं मॅगझिन असेल तर खालचं चाक फिरवा. हॉपअप, म्हणजे नळीच्या तोंडाशी छर्र्याला फिरकी देणारं रबर, त्याची कळ पूर्ण ढिली करा, क्लीनिंग रॉडनं नळी मोकळी करा. जमिनीवर पडलेले छर्रे उचलून भरणारे हेच करून घेतात, ६ मिलिमीटरच्या गोळीला मातीचा कण चिकटला की रबर फाटतंय. रबरला सिलिकॉन ऑइलचाच थेंब, शिवणयंत्राचं तेल नाही. आन् ठप् पण येईना, नुसती भिंगरीसारखी मोकळी फिरायली, तर बहुतेक पिस्टनचे दात गेले.

म्हणजे आता मात्र गिअरबॉक्स. बॅटरी काढून, घरी, फरशीवर, पांढरी चादर अंथरून. स्प्रिंग दाबलेली असू शकते, म्हणून झाकण काढताना मागची बाजू अंगठ्यानं दाबून धरा, चष्मा घाला. शिम कुठल्या गिअरखालची होती ते कागदावर लिहून तिथंच ठेवा. माझी भेगेत गेलेली काय सापडली नाही, पुढच्या पावसात भेग बुजली, आता त्याच्यावर सोयाबीन आहे.