आयटूसी तपासणीचा कागद काम करता करता वाचता येईल असा लिहा

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये बेदाण्याच्या शीतगृहांसाठी तापमान नोंदवणारे बोर्ड बनतात. एकाच आयटूसी बसवर (चिपना जोडणाऱ्या दोन तारांच्या सामाईक वाटेवर) तीन चिप असतात: तापमानाची एलएम७५, घड्याळाची डीएस३२३१ आणि कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमाप जुळवण्याचे आकडे, साठवणारी २४सी०२ ईईप्रॉम (वीज गेली तरी न विसरणारी मेमरी). तपासणी लिनक्सवरच्या आयटूसी-टूल्स या कमांडच्या संचाने होते, आणि ती कशी करायची याचे कागद मी लिहिते. तपासणारी मुलं-मुली मिरज, तासगाव, बुधगावकडून येतात, बहुतेक आयटीआय झालेली. एक हात जिगवर (बोर्ड धरून ठेवणाऱ्या साच्यावर), दुसरा कीबोर्डवर. कागदाकडे बघायला त्यांना दोन-तीन सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात हवी ती ओळ सापडली पाहिजे.

म्हणून लिहिताना पडद्यावर काय दिसतं तिथून सुरुवात करा. टूलच्या मॅन्युअलमध्ये पर्याय एकाखाली एक दिलेले असतात आणि ज्याला टूल येतं त्याला ते पुरतं. लाइनवरच्या माणसाला पर्याय नको असतो. त्याच्यासमोर काहीतरी वेगळंच आलेलं असतं आणि त्याचा अर्थ हवा असतो. आयटूसीडिटेक्ट, म्हणजे बसवरच्या चिप शोधणारी कमांड, चालवल्यावर तक्ता येतो. आमच्या बोर्डवर त्यात ४८, ५० आणि ६८ दिसायला हवेत (अनुक्रमे एलएम७५, ईईप्रॉम आणि घड्याळ यांचे पत्ते; आकडे हेक्स, म्हणजे सोळाच्या पायातले आहेत, हेही लिहा). कधीकधी ६८ च्या जागी यूयू येतं. आमच्याकडच्या एका ताईने याच कारणावरून चांगले बोर्ड दिवसभर नापास केले. तिची चूक नव्हती. मी कागदावर ‘६८ दिसलं पाहिजे’ एवढंच लिहिलं होतं. यूयू म्हणजे त्या पत्त्यावर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ड्रायव्हरचा ताबा आहे, म्हणून टूलने तिथे हात लावला नाही. आता कागदावर तक्त्याचा छापील नमुना आहे आणि खाली लिहिलंय: ‘६८ किंवा यूयू, दोन्ही चालेल. यूयू आलं तर घड्याळाची वेळ वाचून खात्री कर. दोन रेघा आल्या तर चिप उत्तर देत नाही, बोर्ड लाल ट्रेमध्ये.’

‘योग्य आउटपुट येईल’ असं कधीच लिहू नका. योग्य म्हणजे काय, ते छापा.

यातली सगळ्यात फसवी जागा तापमानाची आहे. एलएम७५ तापमान दोन बाइटमध्ये देते आणि मोठा बाइट (पूर्ण अंशांचा) आधी पाठवते, पण आयटूसीगेट या वाचायच्या कमांडने वर्ड, म्हणजे दोन्ही बाइट एकत्र, वाचला की एसएमबसच्या (आयटूसीवर बेतलेल्या नियमावलीच्या) रीतीप्रमाणे आधी आलेला बाइट धाकटा धरला जातो. खोलीत साडेपंचवीस अंश असताना चिपमध्ये हेक्स १९८० असतं आणि पडद्यावर ८०१९ येतं. नवा मुलगा हे बघून घाबरतो. त्याला बाइट ऑर्डरवर व्याख्यान देऊ नका, एक हिशेब करून दाखवा: ‘८०१९ आलं. शेवटचे दोन घे, १९. हेक्स १९ म्हणजे २५. पहिले दोन ८० असतील तर अर्धा अंश मिळव, ०० असतील तर काही मिळवू नकोस. उत्तर २५.५.’ कारण हवं असेल तर पानाच्या मागे लिहा.

पत्त्याचंही असंच. ईईप्रॉमच्या माहितीपत्रकातला पत्ता वाचणं-लिहिणं ठरवणारा बिट धरून मोजला की ए० होतो, टूलला मात्र सात बिटांचा ५० लागतो. दोन्ही आकडे दोन कागदांवर राहिले की कुणीतरी ए० टाइप करणारच. एकच आकडा ठेवा, जो टूलमध्ये टाइप करायचा आहे तोच. वस्तूला नावही एकच द्या. माझ्या जुन्या कागदावर एकाच गोष्टीला कुठे डिव्हाइस, कुठे स्लेव्ह, कुठे घटक म्हटलं होतं, आणि वाचणाऱ्याला वाटायचं की तीन वस्तू आहेत. आयटूसीचं प्रमाण ठरवणाऱ्या एनएक्सपी कंपनीने त्याच्या २०२१ च्या आवृत्तीत मास्टर-स्लेव्ह सोडून कंट्रोलर-टार्गेट घेतलं, तेव्हा जुनं माहितीपत्रक वाचणाऱ्यासाठी ही जोडी एकदा सांगा. पुढे मात्र लाइनवर म्हणतात तेच लिहा. आमच्याकडे सगळे ‘चिप’ म्हणतात.

आता इशाऱ्याबद्दल. मी पूर्वी जिथे काम करत होते तिथे ईईप्रॉमवर लिहिण्याची कमांड पानाच्या मध्यावर होती आणि ‘आधी कॅलिब्रेशनची प्रत घ्या’ ही चौकट पानाच्या तळाशी. कमांडमध्ये वाय हा पर्याय होता, म्हणजे टूल ‘खात्री आहे का’ असं विचारतच नाही. ज्याने कमांड चालवली त्याची नजर चौकटीवर गेली तोवर अकरा बोर्डांचं कॅलिब्रेशन गेलं होतं. प्रत्येक बोर्ड पुन्हा बर्फाच्या पाण्यात धरून शून्य जुळवावं लागलं. तो मुलगा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण त्याने कागद वरून खाली, जसा वाचायचा तसाच वाचला होता. इशारा कमांडच्या वर असतो, आणि त्यात ‘काळजी घ्या’ नसतं, काय जाईल ते असतं: ‘यापुढच्या कमांडने कॅलिब्रेशन पुसलं जातं. प्रत घेतली नसेल तर इथेच थांब.’ लिहिण्याच्या कमांडमधून वाय काढून टाका. टूलला एकदा विचारू दे.

नुसता शोध घेणंही सगळीकडे निर्धोक नसतं. आयटूसीडिटेक्ट बहुतेक पत्त्यांवर क्विक राइट करतं (माहिती न पाठवता नुसती लिहिण्याची हाक देतं), आणि ३० ते ३७ व ५० ते ५एफ इथे बाइट वाचून बघतं, कारण क्विक राइटने काही ईईप्रॉम बिघडल्याची उदाहरणं आहेत. तेव्हा ‘कुठल्याही बसवर चालवून बघ’ असं लिहू नका. आधी कॉम्प्युटरवरच्या सगळ्या बसची यादी काढायला लावा. कॉम्प्युटर पुन्हा चालू केल्यावर बसचा नंबर बदलू शकतो, म्हणून नंबराऐवजी यादीतलं ॲडॅप्टरचं (बस कॉम्प्युटरला जोडणाऱ्या भागाचं) नाव ओळखायला शिकवा.

या यादीच्या कमांडमध्ये हायफननंतर इंग्रजी छोटा एल आहे, आणि बऱ्याच फाँटमध्ये तो हुबेहूब एक दिसतो. आमच्याकडे तीन जणांनी एक टाइप केला. एल आणि एक वेगळे दिसतील असा समान रुंदीचा फाँट घ्या, कमांड स्वतंत्र ओळीवर ठेवा आणि शेजारी ‘लाडूतला एल’ असं लिहा. वर्डमध्ये लिहीत असाल तर हायफनची लांब रेघ होते, आणि तिथून कॉपी केलेली कमांड चालत नाही. ती सुधारणा आधी बंद करा.

काहीच दिसत नसेल तेव्हाचा भाग छोटा ठेवा: बोर्डला वीज आहे का, मग मल्टिमीटरने एसडीए आणि एससीएल (बसच्या माहितीची आणि घड्याळ-ठोक्याची तार) दोन्ही ग्राउंडशी मोज. बस मोकळी असताना दोन्हीकडे ३.३ व्होल्टच्या आसपास आलं पाहिजे. शून्य आलं तर पुल-अप रेझिस्टर (तारेला ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारा) बघ. तक्ता रांगत रांगत येत असेल तरी हेच मोज.

कागद तयार झाला की ज्याने तो कधी पाहिलेला नाही अशा एकाला द्या, शेजारी उभे राहा आणि तोंड उघडू नका. हे फार अवघड जातं. बोट जिथे अडतं तिथे पेन्सिलने खूण करा. ‘मॅडम, हे म्हणजे…’ असं विचारलं तरी उत्तर देऊ नका, प्रश्न जसाच्या तसा लिहून घ्या. बहुतेक वेळा त्या प्रश्नाचेच शब्द कागदावर जायला हवे असतात. ‘प्रत कुठे ठेवू?’ हा प्रश्न मला असाच मिळाला. मी फाइलचं नाव दिलं होतं, फोल्डर दिलंच नव्हतं.

प्रत्येक पानाच्या डोक्यावर बोर्डची आवृत्ती, टूलची आवृत्ती (मोठ्या व्ही पर्यायाने दिसते) आणि तारीख टाका. नवं पान लॅमिनेट करून जिगला अडकवाल तेव्हा जुनं तिथेच फाडून टाका. आमच्याकडे एक जुनं पान मागच्या टेबलाच्या काचेखाली राहिलं होतं, आणि रात्रपाळी महिनाभर तेच वाचत होती.