कोटेशनमधली रॅमची ओळ

पहिल्यांदा स्वतःचा पीसी असेंबल करायला निघालेल्याच्या हातात दुकानदाराचं कोटेशन येतं, तेव्हा प्रोसेसरचा आणि ग्राफिक्स कार्डचा मॉडेल नंबर शेपटासकट लिहिलेला असतो. रॅमच्या ओळीत मात्र नुसतं ‘१६ जीबी डीडीआर५’. एवढ्या वर्णनात बसणारा माल ढीगभर आहे, आणि त्या दिवशी कपाटात जो पडून असेल तो तुमच्या वाट्याला येतो. म्हणून लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर ऑनलाइन मागवा, ही ओळ आधी घरी बसून पूर्ण लिहा: किती जीबी, कोणती पिढी (डीडीआर४ की डीडीआर५), किती स्टिक म्हणजे पट्ट्या, वेग, सीएल (रॅम उत्तर द्यायला किती थांबते त्याचा आकडा) आणि नेमका पार्ट नंबर.

किती जीबी, याचं उत्तर सध्या वापरता त्या कॉम्प्युटरमध्येच सापडतं. रोजचं सगळं एकदम उघडा, म्हणजे ब्राउझरचे टॅब, टॅली, फोटोशॉप, जे असेल ते. मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा बघा. ८ जीबीच्या मशिनवर तो ७ च्या वर अडकलेला दिसला, तर गरज ८ ची नाही एवढं नक्की. ऑफिसचं काम, कॉलेजचं कोडिंग आणि बहुतेक गेम १६ मध्ये निभतात. अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसह चालवणार असाल, व्हर्च्युअल मशिन लागणार असतील किंवा फोर-के व्हिडिओ कापायचे असतील तर ३२ धरा. ६४ कुणाला लागते ते त्याला आधीच माहीत असतं.

‘डोळे मिटून ३२ घे’ हा सल्ला आजवर सर्रास दिला जायचा, पण सध्या तो परवडेलच असं नाही. एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरीचा ओघ वळल्यामुळे २०२५ च्या उत्तरार्धात भाव भडकले. जगातली बहुतेक रॅमची चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येते, आणि त्यातल्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे कोटेशनवर ‘हा भाव कधीपर्यंत’ हे लिहून घ्या. रॅमचं बजेट ठरवताना दोन वर्षांपूर्वीचे व्हिडिओ बघू नका.

पिढीबाबत तुम्हाला फारसा पर्याय नाही, ती मदरबोर्ड ठरवतो. एएमडीच्या एएम४ बोर्डला डीडीआर४, एएम५ ला फक्त डीडीआर५. इंटेलच्या १२, १३ आणि १४ व्या पिढीत मात्र सांभाळा. एकाच चिपसेटचे काही बोर्ड डीडीआर४ चे असतात आणि काही डीडीआर५ चे, त्यामुळे बोर्डचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय रॅम घेऊ नका. दोन्हींना पिना २८८ च आहेत, पण खाच वेगळ्या जागी असते. एकीची स्टिक दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही, जोर लावलात तर स्लॉटच जाईल. लॅपटॉपची आखूड स्टिक इथे चालत नाही हेही ऑनलाइन ऑर्डर करताना ध्यानात असू द्या.

आता स्टिक किती, हा प्रश्न. इथे दुकानदाराशी थोडी हुज्जत घालावी लागते. ‘आत्ता १६ ची एकच घ्या, पुढे दुसरी टाकू’ हे तो हमखास सांगतो, आणि ऐकायला शहाणपणाचंही वाटतं. पण घरगुती प्रोसेसर मेमरीशी दोन वाटांनी बोलतो. एकच स्टिक लावली की एक वाट बंद आणि बँडविड्थ, म्हणजे एका वेळी जाणारा डेटा, निम्मी. ग्राफिक्स कार्ड वेगळं असेल तर हा फटका काही कामांत जेमतेम जाणवतो, काही गेममध्ये चांगलाच. पण ‘कार्ड नंतर घेऊ’ म्हणून रायझन ५६००जी किंवा ८६००जी हा अंगभूत ग्राफिक्सचा प्रोसेसर घेतला असेल तर एक स्टिक अजिबात नको. त्यांचं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं, आणि तिच्यातला काही भाग स्वतःसाठी राखूनही ठेवतं. तिथे ८ च्या दोन घ्या. वेगळं कार्ड आहे, बोर्ड डीडीआर५ चा आहे आणि खिसा खरोखर तंग आहे, तर १६ ची एक ही तडजोड मला मान्य आहे. मात्र पार्ट नंबर जपून ठेवा आणि दुसरी त्याच नंबरची घ्या. तरीही जुळेल याची हमी कुणी देत नाही, कारण त्याच नावाखाली आतल्या चिप बदलत असतात. जमत असेल तर एकाच पाकिटात दोन स्टिकचा किटच घ्यावा.

बोर्डवर चार स्लॉट आहेत म्हणून चारही भरायचे नसतात. डीडीआर५ ला चार स्टिक जड जातात. एएम५ वर दोन स्टिकना ५२०० किंवा ५६०० चा अधिकृत वेग देणारी एएमडी चार स्टिकना ३६०० च देते. ३२ हवी असेल तर १६ च्या दोन.

वेगाचा आकडा पाकिटावर मोठ्या अक्षरात असतो, सीएल बारीक. दोन्ही एकत्र वाचायचे. सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा, आलेलं उत्तर म्हणजे रॅमचा उशीर, नॅनोसेकंदांत. ६००० सीएल३० चं १० येतं, ५२०० सीएल४० चं १५ च्या वर, आणि जुन्या डीडीआर४ च्या ३२०० सीएल१६ चंही १० च! उत्तर जितकं कमी तितकं बरं. एएम५ साठी मी ६००० सीएल३० लिहीन, भावात फार फरक पडत असेल तर सीएल३६. एएम४ साठी ३२०० सीएल१६. याहून वेगवान रॅमवर पैसे ओतण्यापेक्षा ते ग्राफिक्स कार्डकडे वळवा. नावात ‘एक्सथ्रीडी’ असलेल्या रायझनमध्ये कॅशच (प्रोसेसरच्या आतली मेमरी) इतका मोठा असतो की रॅमचा वेग आणखी कमी महत्त्वाचा ठरतो.

पार्ट नंबर ठरला की बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची तपासलेल्या रॅमची यादी असते, तीत तो शोधा. नसला म्हणजे चालणारच नाही असं नाही, पण पहिल्या बांधणीत असलेला बरा. मोठा एअर कूलर घेणार असाल तर उंचीही बघा: साधी स्टिक साधारण ३१ मिमी, दिव्यांची ४० च्या पुढे, आणि कूलरचा पंखा नेमका तिच्यावर येतो. जुन्या मालाच्या दुकानात संशयास्पद स्वस्त डीडीआर४ दिसली तर लेबल वाचा. ‘रजिस्टर्ड’ लिहिलेलं असेल तर ती सर्व्हरची आहे. स्लॉटमध्ये बसेल, पण घरगुती बोर्डवर चालणार नाही.

बसवायच्या दिवशी कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. दोन स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, पण मॅन्युअल बघून. दोन्ही टोकांना टक असा आवाज येईपर्यंत दाबा. काही बोर्डांना क्लिप एकाच बाजूला असते आणि अर्धवट बसलेली स्टिक वरून नीटच दिसते. डीडीआर५ चा बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना मेमरीचं ट्रेनिंग करतो. काही मिनिटं पडदा काळा राहतो, बोर्डवरचा डीरॅमचा (रॅमचा) दिवा पेटलेला राहतो आणि आपल्या पोटात गोळा येतो. बटण दाबू नका, थांबा. वीज जायची सवय असलेल्या भागात हे यूपीएसवरच करा.

चित्र आलं की बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी चालू करा; पाकिटावरचा वेग त्यानेच लागू होतो. ते आपोआप चालू होत नाही, आणि ६००० ची रॅम कित्येकांच्या घरी वर्षानुवर्षं ४८०० वर धावत असते. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ३००० दिसलं तर दुकानदाराला फोन लावू नका, तो आकडा निम्मा दाखवायचीच पद्धत आहे.

विंडोज टाकण्याआधी पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा, ते फुकट आहे. एकही चूक दाखवली तर एक्सपो बंद करून पुन्हा चालवा. तेव्हाही चूक आली तर एकेक स्टिक आलटून पालटून लावून दोषी शोधा, आणि परत देताना पूर्ण किट द्या. त्यासाठी जीएसटीचं बिल, पाकीट आणि स्टिकवरचा सीरियल नंबराचा स्टिकर लागतो, म्हणून रॅमवरचे स्टिकर खरवडायचे नाहीत.