रविवारची संध्याकाळ अभ्यासिकेबाहेर

सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते: वेळापत्रकात आधी सुट्टी लिही, मग इतिहास-भूगोल. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंदच असतात, तीच वेळ धर. अभ्यासिकेतून उठताना उद्या कुठल्या पानापासून सुरुवात करायची ते चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेव, म्हणजे ते डोक्यात घोळत राहत नाही. मोबाईलचं नेट बंद कर. ग्रुपवर कुणीतरी ‘आज बारा तास झाले’ असं टाकतंच. मग पर्वती चढ. १०३ पायऱ्या, वर मोकळा वारा, खाली अख्खं पुणं. चालू घडामोडी ऐकत चढू नकोस, ती विश्रांती नव्हे. घरून फोन आलाच तर ‘फिरायला आलेय’ असं सरळ सांग. आईला बरंच वाटतं. पूर्वपरीक्षा तोंडावर आली की वेळ कमी कर, रद्द मात्र करू नकोस.