जुन्या बाइकवर रेस करायचीय? आधी रूलबुक, मग बाइक

हिस्टॉरिक रेसिंगचं खूळ डोक्यात शिरलं की सगळे आधी बाइक शोधायला लागतात आणि तिथेच गणित चुकतं. ज्या आयोजकांकडे रेस करणार त्यांचं रूलबुक डाउनलोड करा आणि वर्षांचे गट बघा. उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियात १९४६ ते ६२ म्हणजे क्लासिक, ६३ ते ७२ पोस्ट क्लासिक, ७३ ते ८२ फरगॉटन एरा, ८३ ते ९० न्यू एरा. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये गट वेगळे पाडलेत, त्यामुळे एकीकडे चालणारी बाइक दुसरीकडे चालेलच असं नाही.

ही रेघ किती महत्त्वाची ते यामाहावरून बघा. एअर-कूल्ड टीआर३ १९७२ ची, वॉटर-कूल्ड टीझेड३५० १९७३ ची. दोन्ही ३५० सीसीच्या टू-स्ट्रोक ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरच्या, पण वरच्या हिशोबाने एक पोस्ट क्लासिकमध्ये बसते आणि दुसरी थेट पुढच्या गटात जाते.

आता खरी गोम. कागदावर १९७० लिहिलंय म्हणून बाइक पास होत नाही, बघतात ते पार्ट्स. साधारण नियम असा की पार्ट काल बनवलेला असला तरी चालेल पण डिझाइन त्या काळातलं पाहिजे, म्हणून तर मॅन्क्स नॉर्टन या जुन्या ब्रिटिश रेसरच्या नव्याने बनवलेल्या कॉप्याही रेसमध्ये दिसतात. १९७० च्या बाइकवर फ्लॅट-स्लाइड, म्हणजे आत चपटी स्लाइड असलेला, कार्ब्युरेटर लावलात तर अडकलात, गोल स्लाइडचा मिकुनी व्हीएम ठेवा. फोर्कची जाडी, रिमची रुंदी, चाकाची साइज, ब्रेक, सगळं टेप घेऊन मोजा. इलेक्ट्रॉनिक इग्निशनला बऱ्याच ठिकाणी सूट असते पण ती लेखी बघून घ्या, "सगळे लावतात" हे स्क्रूटिनीला, म्हणजे रेसआधीच्या तपासणीला, ऐकून घेत नाहीत. लॉगबुक, म्हणजे बाइकची अधिकृत नोंदवही, लागत असेल तर लॉगबुकसकट तयार रेसर घ्या, थोडी महाग पडली तरी, कारण स्ट्रीट बाइकची रेसर करताना पैसा कुठे जातो कळतच नाही.

खर्चाचं म्हणाल तर बाइकची किंमत ही नुसती सुरुवात. लायसन्स, एंट्री फी, ट्रान्सपॉन्डर (लॅपचा वेळ मोजणारं यंत्र), टायर, लेदर सूट, मुदतीतलं हेल्मेट, बाइक न्यायची गाडी, हे सगळं धरायचंच. पण खिसा कापतं ते इंजिन. रेसिंग टू-स्ट्रोकचे पिस्टन आणि क्रँक ठरावीक पळवल्यावर बदलावेच लागतात, हा खर्च अपघाताचा नाही, नेहमीचा आहे. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा की क्रँकचं काम शेवटचं कधी झालं आणि बिल आहे का.

पहिल्यांदाच उतरत असाल तर माझं मत होंडा सीबी३५० ट्विन, १९६८ पासूनची. खरं तर ती ३२५ सीसीच आहे, पण पार्ट मिळतात आणि ती कशी बांधायची हे माहीत असलेली माणसंही भेटतात. एकच पथ्य, तेल. तिच्यात पेपर फिल्टर नाही, उजव्या कव्हरच्या गोल झाकणामागे एक फिरणारा कप असतो आणि कचरा त्याच्या भिंतीला काळ्या चिखलासारखा चिकटून बसतो. तो खरवडून काढायला कंटाळा केलात तर कॅम, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, जातो, आणि कॅम थेट अ‍ॅल्युमिनियममध्येच फिरत असल्याने नुसता बेअरिंग बदलून भागत नाही, आजूबाजूचे पार्टही शोधत बसावे लागतात. बजेट करताना तेलाचा आकडा सढळ हाताने धरा आणि एक अख्खं स्पेअर इंजिन स्वस्तात मिळत असेल तर आधी ते घ्या, भारी एक्झॉस्ट नंतर.