डोंगरातलं जुनं घर घेण्याआधी: विजेची तपासणी

छप्पर, ओल, वाळवी हे सगळेच बघतात. विजेचं काम मात्र ‘दिवे लागतात ना?’ एवढ्यावर सुटतं. वायरिंग सडलेलं असलं तरी दिवे लागतातच. त्यामुळे इसार देण्याआधी परवानाधारक वायरमनला मेगर (वायरच्या आवरणातून होणारी गळती मोजणारं यंत्र) आणि अर्थ टेस्टर (अर्थिंग मोजणारं यंत्र) घेऊन घरी न्या. गळती ओल्या भिंतीत चटकन सापडते, म्हणून ही फेरी पावसानंतरची बरी. अर्थिंगचा रोध (वीज जमिनीत जायला होणारा अडथळा, जितका कमी तितका बरा) मात्र जमीन कोरडी असताना मोजलेलाच धरा, कारण ओल्या मातीत तो फसवा कमी दिसतो.

सुरुवात अर्थिंगपासून करा. पातळ माती आणि खाली खडक असला की रोध सहज वाढतो. समजा तो 40 ओहम आहे आणि फेज गिझरच्या पत्र्याला टेकली. वाहणारा प्रवाह 230 भागिले 40, म्हणजे पावणेसहा अँपिअरच्या आसपास. 16 अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) एवढ्याने हलतही नाही आणि पत्र्यात वीज खेळत राहते. म्हणून अशा घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (थोडीशी गळती झाली तरी वीज तोडणारा स्विच) हवाच. त्याचं टेस्ट बटण दाबून बघा. पण तो पडला म्हणजे अर्थिंग ठीक आहे असं नाही, बटण फक्त आरसीसीबी चालतो का तेवढंच सांगतं. अर्थिंगची तार पाण्याच्या नळाला बांधलेली दिसली तर ती अर्थिंग धरूच नका: कधीतरी मधला एक तुकडा प्लास्टिकचा बसवला जातो आणि सगळं तुटतं, कोणाला पत्ताही लागत नाही. नवी करायची तर एका खोल रॉडसाठी खडकाशी झटापट नको. अनेक रॉड, एकमेकांत निदान रॉडच्या लांबीइतकं अंतर ठेवून, तांब्याच्या तारेने जोडा.

मग मेन बोर्ड. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून येणाऱ्या तारा चालूच असतात, त्यामुळे झाकण वायरमनच उघडेल. फ्यूजमध्ये जाड तार कोंबलेली आहे का, 1.5 चौरस मिलिमीटरच्या वायरवर 32 अँपिअरचा एमसीबी आहे का (वायर जळेल, एमसीबी पडणार नाही), न्यूट्रलचं टोक काळं पडलंय का, हे बघा. वायरवर रबर आणि कापडाचं आवरण असेल आणि वाकवताच त्याचा भुगा पडत असेल, तर डागडुजीचा विचार सोडा. अॅल्युमिनियमची तार असेल तर प्रत्येक जोड संशयित. लाकडी भिंती आणि माळा असलेल्या घरात उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि नुसत्या पिळून टेप गुंडाळलेले जोड माळ्यावरच सापडतात. टॉर्च घेऊन वर चढा. त्यानंतर सगळी उपकरणं काढून, दिवे उतरवून, फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थशी 500 व्होल्टचा मेगर लावा. एक मेगओहमच्या खाली आकडा आला तर तो सर्किट बाद.

थंडीतला भार हा वेगळा मुद्दा. 2000 वॅटचा हीटर जवळपास 8.7 अँपिअर घेतो. दोन एकाच सर्किटवर लावले की 16 ची मर्यादा ओलांडली. सर्वात लांबच्या सॉकेटवर हीटर अर्धा तास चालवा, लावण्याआधी आणि शेवटी तो चालू असतानाच व्होल्टेज मोजा. 230 वरून 205 वर आलं तर सर्विस वायर (खांबावरून घरात येणारी तार) फार लांब आहे किंवा कुठेतरी जोड सैल आहे. प्लेट गरम लागली तर जोड तिथेच.

बाहेर पडलात की सर्विस वायरला टेकणाऱ्या फांद्या आणि तार घरात शिरते तिथे पाणी आत ओघळू नये म्हणून खाली झोळ सोडलाय का, एवढं बघून घ्या. विजांच्या भागात मेन बोर्डावर सर्ज प्रोटेक्टर (विजेमुळे अचानक वाढणारं व्होल्टेज जमिनीत सोडणारं उपकरण) बसवा. त्याच्या जोडतारा अर्ध्या मीटरच्या आत ठेवा, लांब तारांनी त्याचा उपयोग घटतो. जनित्र असेल तर चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी लाइन किंवा जनित्र यांपैकी एकालाच जोडणारा) शोधा. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर सापडली, तर समजा आजवर जनित्राची वीज बाहेरच्या लाइनवर जात होती आणि खांबावरच्या लाइनमनचा जीव टांगणीला होता. ती वायर कापून टाका आणि चेंजओव्हरचा खर्च किमतीच्या बोलणीत धरा.